मागच्या दाराची पायरी आणि लिंकन महामार्ग

मागच्या दाराची पायरी डुगडुगते, असं लव्हॉननं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा निक्सनसाहेब गादीवर होते. "या शनिवारी बघतो," मी म्हणालो. त्यानंतर पाच वेळा अध्यक्ष बदलले, पण मी माझा शब्द बदलला नाही. दर वेळी शनिवारच सांगितला. अखेर शहाण्णव सालच्या एप्रिलमध्ये तो शनिवार उगवला. उगवला म्हणजे, धुतलेल्या चादरींची टोपली घेऊन लव्हॉन त्या पायरीवरून घसरली आणि चादरींसकट गवतात बसली. बसल्या जागेवरून ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झालेल्या माणसाला पहार कुठं ठेवली आहे हे आठवायला तेवढं पुरतं.

मी व्हर्लिन स्टुपका, वजनमापं खात्यातला निवृत्त निरीक्षक. तेहेतीस वर्षं मी नेब्रास्काभर हिंडून धान्यकोठारांचे काटे, पेट्रोलपंपांची मापं आणि खाटकांचे तराजू तपासले. निम्म्या राज्यातले काटे माझ्या सहीच्या धाकानं खरं बोलायचे. तेव्हा पायरी उचलण्याआधी मी तिची मोजमापं घेतली, हे ओघानंच आलं. लांबी सात फूट. एका माणसानं उतरायच्या दाराला सात फूट लांबीची पायरी कशाला, हा प्रश्न मला सव्वीस वर्षांत पडायला हवा होता. पडला नव्हता. निरीक्षकाला दुसऱ्यांच्या काट्यांत खोट दिसते, स्वतःच्या दारातलं काही दिसत नाही.

पहार घातली, जोर लावला, पायरी एका अंगावर वळली आणि मी जागच्या जागी टोपी काढली. खालच्या अंगाला काँक्रीटमध्ये बसवलेली एक गोल काशाची चकती होती आणि तिच्यावर अब्राहम लिंकन एका बाजूला तोंड करून बसले होते. त्यांच्या वर निळं ‘एल’ अक्षर, खाली बाण.

कुंपणापलीकडून आर्डेल क्नुडसेनचं डोकं वर आलं. आर्डेल आमचा शेजारी. पस्तीस वर्षं त्यानं गावात टपाल वाटलं, त्यामुळे प्लम बेंडमधल्या प्रत्येकाचा पत्ता आणि प्रत्येकाची चूक त्याला तोंडपाठ आहे.

"व्हर्लिन," तो म्हणाला, "लिंकन रिपब्लिकन होता आणि तुझं मत नेहमी दुसऱ्या पक्षाला जातं, हे मला माहीत आहे. पण म्हणून लिंकनच्या पाठीवर पाय देऊन रोज कचरा टाकायला जायचं?"

"मला काय ठाऊक खाली कोण आहे ते!"

"सव्वीस वर्षं!" आर्डेल हळहळला. "आणि तेही चिखलाच्या बुटांनी."

ही पायरी नव्हतीच. तो खांब होता. लिंकन महामार्गाचा.

आमच्या गावातल्या लहान पोरालाही हे सांगावं लागत नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९१३ साली काही मोटारवेड्या माणसांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत एकच रस्ता असावा. ठरवलं म्हणजे नकाशावर रेघ ओढली. रस्ता असा नव्हताच. जवळजवळ चौतीसशे मैलांचा चिखल होता, त्याला नाव मिळालं. ठिकठिकाणी उघड्या रानात फक्त एक मैल काँक्रीट ओतायचं, त्याला ‘रोपाचा मैल’ म्हणायचं. हेतू असा की दोन्हीकडच्या चिखलातून येणाऱ्या माणसानं तो एक मैल सुखानं जावं आणि पुढं पुन्हा रुतल्यावर सरकारच्या नावानं ओरडावं. ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा सलाम आहे. पुढं सरकारनं नावं काढून रस्त्यांना आकडे दिले आणि आमचा महामार्ग ‘तीस नंबर’ झाला. तेव्हा नाव पुसलं जाऊ नये म्हणून १९२८च्या सप्टेंबरच्या एक तारखेला देशभरातल्या बालवीरांनी एका दिवसात तीनेक हजार काँक्रीटचे खांब रस्त्याकडेला रोवले. त्यातला एक माझ्या मागच्या दारात पालथा पडला होता.

आणि रस्ता? तीस नंबर आधी गावाच्या उत्तरेला सरकला. मग मोठा ऐंशी नंबर आला, तो नदीच्या पलीकडून गेला. त्यानंतर प्लम बेंडमध्ये बाहेरचा माणूस थांबतो तो टायर फुटल्यावर, आणि टायरही अलीकडे चांगले निघाले आहेत.

त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, "हा खांब मी पुन्हा उभा करणार."

"आणि पायरी?" लव्हॉन म्हणाली.

"ती या शनिवारी बघतो."

लव्हॉननं बटाट्यांचं भांडं जरा जोरानं टेबलावर ठेवलं.

मी ओहायोमधल्या जुन्या रस्त्याच्या नादिष्ट मंडळींना पत्र टाकलं. त्यांचे कोणी गिल्फॉइल नावाचे गृहस्थ होते, त्यांचं उत्तर दहा दिवसांत आलं. त्यांच्या बासष्ट जुन्या मोटारी जूनमध्ये न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघणार होत्या. प्लम बेंड त्यांच्या वाटेवर नव्हतं, ‘पण अस्सल खांब मूळ जागी उभा असेल तर आम्ही वाट वाकडी करू, आणि शनिवारी २२ जूनला दुपारचं जेवण तुमच्या गावात घेऊ. माणसं एकशे चाळीस.’

हे पत्र मी लव्हॉनला वाचून दाखवलं. लव्हॉननं ते लूथरन चर्चच्या बायकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मला पाहून तीन माणसांनी टोपीला हात लावला. चौथ्या दिवशी चर्चच्या सभागृहात एकशे चाळीस पानांचा बेत ठरला: हॅम, बटाट्याचं सॅलड, पाव आणि रूबार्ब या आंबट देठांच्या भाजीचं सारण भरून भाजलेले गोड ‘पाय’. रूबार्ब सगळ्यांच्या परसात उगवतं आणि कोणालाच संपत नाही. एकशे चाळीस परकी तोंडं म्हणजे देवानंच धाडलेली.

आता माघार नव्हती. खांब उभा राहिला नसता तर मला गाव सोडून जावं लागलं असतं, आणि आमच्या गावातून बाहेर जायला धड रस्ताही उरलेला नाही.

नगर कार्यालयात मिर्ना व्हॉस बसते. ती एकटीच बसते, त्यामुळे सगळी खाती तीच. मी म्हणालो, "चौथा रस्ता आणि चेरी रस्ता मिळतात त्या कोपऱ्यावर मला एक खांब रोवायचा आहे."

"पाटी आहे का?" मिर्नानं विचारलं.

"बाण आहे त्यावर."

"म्हणजे पाटी. पाटीचा खांब गाडी धडकली की मोडला पाहिजे, असा नियम आहे. तुझा मोडतो?"

"मिर्ना, तो काँक्रीटचा आहे. तो मोडायचा नाही, गाडी मोडेल."

"मग नाही चालणार. आणि हा जुना हमरस्ता ना? मग राज्याला विचार."

राज्याच्या रस्तेखात्यातला आवाज फार गोड होता. तो म्हणाला, हा रस्ता आमच्या यादीत नाही, जिल्ह्याला विचारा. जिल्हा म्हणाला, आमची हद्द चरापर्यंत. चर कोणाचा? रेल्वेचा. रेल्वे कंपनीच्या माणसानं तीन वेळा मला थांबायला सांगून तिन्ही वेळा तेच बँडचं वादन ऐकवलं आणि शेवटी म्हणाला, चर आमचा आहे, पण त्यातलं पाणी गावाचं आहे. हे ऐकून माझ्या अंगात बळ आलं. तेहेतीस वर्षं मीही सरकारी नोकर होतो. समोरच्याला कसं थकवायचं हे मला येतं, आणि म्हणून मी थकत नाही. मी राजधानीतल्या इतिहासाच्या कचेरीला फोन लावला.

तिथला तरुण आनंदानं जवळजवळ किंचाळला. "अस्सल खांब? हात लावू नका! ऐतिहासिक वस्तू सापडली तिथून हलवायची नसते."

"ती माझ्या मागच्या दारात पायरी म्हणून सापडली."

"मग पायरी म्हणूनच जपा."

"तोंड जमिनीकडे करून?"

"सापडली त्या अवस्थेत," तो गंभीरपणे म्हणाला.

मी फोन ठेवला आणि ठरवलं: कोणाला विचारायचं नाही. आमचं घर त्याच कोपऱ्यावर आहे, अंगण माझं आहे, खांब माझ्या अंगणात उभा राहील. पण मी पडलो मापाचा माणूस. सहज म्हणून मिर्नाकडून हद्दीचा नकाशा मागवला. त्यातून असं निघालं की पुढच्या अंगणातली रस्त्यालगतची अकरा फूट जमीन गावाची आहे. म्हणजे सव्वीस उन्हाळे मी गावाचं गवत कापत आलो होतो. माझी जमीन सुरू होत होती ती बरोबर लव्हॉनच्या पिओनीच्या फुलझुडपांखाली. ती झुडपं तिच्या आईच्या घरून आणलेली.

हे तिला कसं सांगावं याचा मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर लव्हॉन फावडं घेऊन स्वतःच झुडपं मुळासकट काढत होती.

"लव्हॉन, मी सांगणारच होतो..."

"तू नकाशाकडे बघत होतास आणि मग पिओनीकडे. मला कळत नाही का?" तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "एकशे चाळीस माणसांना मीही हो म्हटलंय, व्हर्लिन. फक्त आता तरी हा तुझा लिंकन उभा राहू दे."

यानंतर तर प्रत्यक्ष लिंकन आडवे आले असते तरी मी थांबलो नसतो.

आडवा आला तो आर्डेल. तो कुंपणाला टेकून म्हणाला, "बाण कुठल्या बाजूला करणार आहेस?"

"चौथ्या रस्त्याकडे. महामार्ग सरळ चौथ्या रस्त्यानं जायचा."

"चेरीनं जायचा."

"आर्डेल, चौथ्यानं."

"माझ्या आज्याचं खाण्याचं दुकान चेरीवर होतं. वाटसरूंना तो सँडविचं विकायचा. चौथ्या रस्त्यानं गाड्या जात असत्या तर तो काय कोंबड्यांना विकत होता?"

तसं पाहिलं तर भांडण्यासारखं काही नव्हतं. हे दोन्ही रस्ते आमच्या कोपऱ्यावर फुटतात. चौथा सरळ जातो. चेरी धान्यकोठारावरून वळसा घेऊन पलीकडच्या बाजूनं परत येतो. आणि दोन्ही चर्चच्या सभागृहासमोर एकमेकांना भेटतात. पण रस्ता कुठं पोचतो यावरून माणसं भांडत नाहीत, तो कोणाच्या दारावरून जातो यावरून भांडतात. गावात तट पडले. न्हाव्याकडे गेलो तर त्यानं माझा एक कान मोकळा करून सांगितलं की तो स्वतः चेरीच्या बाजूचा आहे, आणि दुसऱ्या कानाकडे वळण्याआधी माझं मत विचारलं. मी खोटं बोललो नाही. दुसऱ्या कानावरचे केस अजून जरा लांब आहेत.

खांब हलवण्याचा प्रसंग मी थोडक्यात सांगतो, कारण तो मला शोभा देत नाही. खांबाचं वजन दोनशे एकाहत्तर पौंड. मी स्वतः तोललं. दोन गोल लाकडांवर ठेवून तो घराला वळसा घालून पुढं सरकवायचा, असा माझा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, उतार चुकला. खांब आपला आपण निघाला, तळघराच्या तिरप्या दारांवर आदळला, ती फोडून खाली गेला आणि लव्हॉननं लोणच्यासाठी मुरवलेल्या बीटच्या अडतीस बरण्यांवर विसावला. मी त्याच्यामागे उतरलो. वर आलो तेव्हा कोपरापर्यंत लाल होतो आणि सदऱ्यावरूनही लाल ओघळ वाहत होते.

आर्डेलच्या बायकोनं खिडकीतून एवढंच पाहिलं: माझे हात, फुटलेलं तळघर, आणि लव्हॉन कुठं दिसत नाही. तिनं पोलिसाला फोन केला. आमच्या गावाला वेंडेल श्राम हा एकच पोलीस आहे. चौदा वर्षांत त्याला हरवलेल्या कुत्र्यांपलीकडे काही मिळालेलं नव्हतं. तो धापा टाकत आला आणि तळघराच्या तोंडाशी उभा राहून कापऱ्या आवाजात म्हणाला, "मिस्टर स्टुपका, हात वर करा... आणि लव्हॉनबाई कुठं आहेत?"

"इथं," लव्हॉन त्याच्या मागून म्हणाली. ती दुकानातून येत होती. तिनं तळघरात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "वेंडेल," ती शेवटी म्हणाली, "तू दहा मिनिटं उशिरा आला असतास तर तुला खरंच काम मिळालं असतं."

खांब वर काढला आर्डेलनं, स्वतःच्या पिकअपला साखळी लावून. मी विनंती केली नव्हती, तोच आला. साखळी सोडताना म्हणाला, "हे मी लिंकनसाठी केलं. बाण चेरीकडेच राहील."

जून अर्धा उलटला. सभागृहात रूबार्बचे पाय एकावर एक रचले जात होते आणि बाणाचा निकाल लागत नव्हता. लव्हॉनच म्हणाली, "तुम्ही दोघंही तेव्हा जन्मला नव्हतात. ज्यानं खांब रोवला त्याला जाऊन विचारा ना."

रोवणाऱ्या बालवीरांपैकी एक जण हयात होता: एमरी थॉमसन, वय एक्याऐंशी, मुक्काम वृद्धाश्रम. मी आणि आर्डेल एकाच गाडीतून गेलो. एकोणीस मैलांत आम्ही एकदाच बोललो. आर्डेल म्हणाला, "काच वर कर."

एमरी बेसबॉलचा सामना बघत पुडिंग खात होता. मी प्रश्न विचारला. त्यानं चमचा खाली ठेवला.

"तू हॅरॉल्ड क्नुडसेनचा मुलगा?" तो आर्डेलला म्हणाला. "तुझा बाप चावायचा."

"माझा बाप?"

"तेरा वर्षांचा होता. मीही तेराचा. पोरांनो, हे बघा. रस्ता कुठून जायचा म्हणता? कोरडं असलं की चौथ्यानं, पाऊस झाला की चेरीनं. चौथ्याची माती ओली झाली की घोडासुद्धा बूट काढून जायचा. दोन्ही महामार्गच."

मी आणि आर्डेल दोघांनीही पुडिंगकडे पाहिलं.

"मग बाण?" मी विचारलं.

"आमच्या मास्तरांनी तो चौथ्याकडे करून खांब रोवला. चौथ्यावर माझ्या काकाचं गॅरेज होतं. ते गेल्यावर हॅरॉल्डनं खांब उकरून चेरीकडे फिरवला, त्याच्या बापाच्या दुकानासाठी." तो हसायला लागला आणि त्याला ठसका लागला. "दुसऱ्या दिवशी मी फिरवला. मग त्यानं. सबंध महिना आम्ही तेच करत होतो. शिकागोचा एक माणूस तर कोपऱ्यावर येऊन रडायला लागला. काल आलो तेव्हा उजवीकडे होता म्हणे. शेवटी रस्त्याचा मुकादम वैतागला. त्यानं खांब उपटला, घरी नेला आणि पालथा घालून पायरी केली. म्हणाला, आता फिरवा म्हणावं."

त्या मुकादमाचं घर म्हणजे माझं घर.

परतीच्या वाटेवर आर्डेलनं काच स्वतःच खाली केली. गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "माझा बाप आयुष्यभर खाली मान घालून चालला. मला माहीतच नव्हतं की त्यानं सबंध देशाची वाहतूक वळवली होती."

त्याच्या आवाजात इतका अभिमान होता की मला माझं म्हणणं पुढं रेटवेना.

लव्हॉननं करार लिहून काढला. बाण चौथ्याकडे राहील. मात्र २२ जूनला पाऊस असेल, तर व्हर्लिन बाणावर फडकं टाकील आणि गाड्यांना चेरीकडे वळवण्याचा मान आर्डेलचा. दोघांनी सह्या केल्या. पिओनी होत्या त्या जागी आम्ही दोघांनी मिळून चार फुटांचा खड्डा खणला, खांब उभा केला, ओळंबा लावला. सव्वीस वर्षं तुडवलेल्या त्या काशाच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. लव्हॉन ओलं फडकं घेऊन आली आणि तिनं लिंकनसाहेबांचा कान पुसला. इतक्या खटपटीत मला गहिवरायला सवड नव्हती, ती तेव्हा मिळाली.

बावीस तारीख. सकाळी साडेअकरा. सगळं गाव फुटपाथवर. मी खांबाच्या एका बाजूला, हातात लहानसा झेंडा. आर्डेल दुसऱ्या बाजूला, त्याच्याही हातात झेंडा, ‘वेळ पडली तर असू दे’ म्हणून. आभाळ भरलेलं. पूर्वेकडून धाडधाड आवाज आला आणि पहिली गाडी दिसली: उघडी, पितळी दिव्यांची, चालवणारे गिल्फॉइल गॉगल लावून ताठ बसलेले. तिच्यामागे ओळ, ओळीला शेवट नाही.

नेमका तेव्हाच माझ्या नाकावर थेंब पडला.

"पाऊस!" आर्डेल ओरडला. "फडकं टाक!"

"हा पाऊस नाही. दमट हवा आहे."

"दमट हवेचे थेंब पडत नाहीत, व्हर्लिन!"

"वजनमापं खात्याच्या व्याख्येप्रमाणे..."

"खात्याला घाल चुलीत! करार आहे!"

गिल्फॉइल जवळ आले. मी झेंड्यानं चौथा रस्ता दाखवला. ते आनंदानं हात हलवून सरळ गेले. दुसऱ्या गाडीसमोर आर्डेल उभा राहिला आणि त्यानं चेरी दाखवला. तीत युटाहची एक धिप्पाड बाई होती, ती चेरीकडे वळली. तिसरी मी घेतली. चौथी त्यानं. सांगायला शरम वाटते, पण थांबायचं आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नाही. बासष्ट गाड्या आम्ही अगदी प्रामाणिकपणे निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या. खात्यातही इतकं बिनचूक माप मी कधी दिलं नव्हतं.

शेवटची गाडी गेली आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनाही एकदमच आठवलं की हे रस्ते पुढं मिळतात.

आम्ही धावलो. मी चौसष्टचा, तो साठचा. धावलो म्हणजे हेतू तसा होता. सभागृहासमोर गिल्फॉइलची गाडी आणि युटाहच्या बाईची गाडी नाकाला नाक लावून उभ्या होत्या. दोघांच्या मागे तीस-तीस गाड्या खच्चून. दोन्ही कडांना चर, आणि एव्हाना ज्याला मीसुद्धा दमट हवा म्हटलं नसतं असा पाऊस.

"आपण मागे घ्या, बाई," गिल्फॉइल म्हणत होते.

"माझी गाडी एकोणीसशे चौदाची आहे. तिला मागे जायला सांगितलं की ती रडते. तुम्ही घ्या."

"माझी ओहायो सोडल्यापासून मागे जातच नाही."

कोणाचीच जात नव्हती. धान्यकोठाराकडून दोन ट्रक आले आणि ओळीच्या शेपटाला अडकले. त्यातल्या एकानं भोंगा वाजवला. भोंगा! प्लम बेंडमध्ये! म्हातारी माणसं दारात आली. वेंडेल शिट्टी घेऊन मध्ये उभा होता, पण कोणत्या बाजूला वाजवायची ते त्याला सुचत नव्हतं.

मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. इतक्यात सभागृहाचं दार उघडून लव्हॉन बाहेर आली. तिनं ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहिलं. मग आत वळून म्हणाली, "बायांनो, ते येऊ शकत नाहीत. सगळं जेवण बाहेर न्या."

मग हॅम गाड्यांपर्यंत गेलं, सॅलड गेलं, पाय गेले. छत्र्या, ताडपत्र्या, लोकांच्या घरातल्या खुर्च्या रस्त्यावर आल्या. ओट्या उघड्या झाल्या, कॉफीची भांडी फिरली. पाळीपाळीनं लोक खांबाशी जाऊन फोटो काढून येत होते. आश्रमाच्या गाडीतून एमरी आला. त्याची चाकाची खुर्ची युटाहच्या बाईच्या गाडीशी लावली आणि त्यानं तिला हॅरॉल्डच्या चावण्याची गोष्ट दोनदा सांगितली. चाळीस मिनिटं थांबणार होते, ते लोक संध्याकाळी सहापर्यंत राहिले. रूबार्ब संपलं. हे वाक्य आमच्या गावात याआधी कोणी उच्चारलेलं नाही.

सहाला ट्रॅक्टर लावून एकेक गाडी मागे ओढली. शेवटची गाडी पश्चिमेला दिसेनाशी झाली तेव्हा वेंडेल माझ्याकडे आला. त्याच्या हातात कोरं करकरीत दंडाचं पुस्तक होतं, पहिलंच पान.

"मिस्टर स्टुपका, माफ करा," तो म्हणाला. "पण गुन्हा म्हणजे गुन्हा."

त्यानं जिभेचं टोक दातांत धरून, सावकाश लिहिलं आणि पान फाडून माझ्या हातात दिलं. मी वाचलं. ‘व्हर्लिन स्टुपका. आरोप: महामार्गावरील वाहतूक तुंबवणे.’

महामार्गावरील! मी पुन्हा वाचलं. लव्हॉनला वाचून दाखवलं. मिर्ना धावत आली आणि तिनंही वाचलं. तीस वर्षांत आमच्या गावाबद्दल सरकारी कागदावर इतकं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं.

आर्डेलनं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. मग तो लाल झाला.

"वेंडेल," तो म्हणाला, "हे चालणार नाही. एकतीस गाड्या माझ्या होत्या. माझंही नाव घाल."